मागची चाकं

ओमानच्या सलालाहमध्ये खरीफ आल्याचं आमच्या घरात सगळ्यांत आधी मिठाला कळतं. बाटली उलटी केली तरी मीठ पडत नाही. मग दोरीवरच्या चादरींना कळतं, मग कपाटातल्या चामडी पट्ट्याला हिरवी बुरशी येते, आणि त्यानंतर एके सकाळी गॅलरीत गेलो की समोरचा डोंगर जागेवर नसतो. आपल्याकडे खरीप म्हणजे पेरणीचा हंगाम. इथे खरीफ म्हणजे सगळा ऋतूच. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हा कोसळत नाही, नुसता बसून राहतो. पिठाच्या गिरणीत हवेत पीठ असतं तसं पाणी हवेत असतं. छत्री उघडली तर लोक हसतात, आणि न उघडता दुकानापर्यंत गेलो तर सदरा अंगाला चिकटतो.

मी धुकं दिव्याच्या खांबांत मोजतो. रायसूत बंदराजवळच्या वजनकाट्यावर मी बावीस वर्षं आहे. खाणीतून जिप्समचे ट्रक येतात, भरलेले आणि रिकामे, आणि मी दोन्ही वजनं लिहितो. मोजल्याशिवाय मला काही दिसल्यासारखंच वाटत नाही. आज सकाळी अडीच खांब दिसत होते. परवा चार. अडीच खांब म्हणजे डोंगरावर एकही नाही.

दरवर्षी हा आकडा मी जासिंताला, माझ्या बायकोला, चहा पिताना सांगतो आणि ती "हं" म्हणते. यंदा मी सांगितला नाही. यंदाच्या खरीफमध्ये मला एका माणसाचा राग आलेला आहे, आणि राग आलेला असताना खांब मोजायला मजा येत नाही.

तो माणूस म्हणजे पास्कू. पास्कू माझ्याच गावचा, वसईचा. गावात आमच्या दोन घरांच्या मध्ये एक विहीर आणि एक केळीची बाग. इथे आमच्या दोन इमारतींच्या मध्ये एक लाँड्री. माझ्या मुलीचा, रियाचा, तो गॉडफादर. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याने तिला पाण्यावर इतकं खाली धरलं की फादरच म्हणाले, "अरे बाबा, तिला बुडवायचं नाहीये." त्याचं कुटुंब वसईलाच राहिलं, म्हणून शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाली की तो आमच्याकडे जेवायला. कधी बांगडे घेऊन, कधी नुसती जीभ घेऊन.

इथे बर्फ पडत नाही. तरी खरीफमध्ये इतीनचा घाट चढलेल्या माणसाला बर्फावरच्या गाडीची कल्पना येते. नऊ महिने त्या रस्त्यावर धूळ, टायरचं रबर, ट्रकांचं तेल आणि उंट-गाईंचं शेण साचत राहतं. मग त्यावर ही भुरभुर बसते. धो धो पाऊस असता तर रस्ता धुऊन निघाला असता. भुरभुर धूत नाही, कालवते. पास्कू ज्या हॉटेलात मेंटेनन्सला आहे तिथे एक कॅनडाचा इंजिनिअर होता. तो म्हणायचा, आमच्याकडे रस्त्यावर काचेसारखा बर्फ जमतो, दिसत नाही आणि धरतही नाही, तुमचा खरीफ तसाच. बर्फावर गाडी कशी चालवायची हे पास्कू त्याच्याकडून शिकला आणि मी पास्कूकडून. वसईच्या दोन माणसांनी बर्फाचे नियम पाठ केले. दोघांनीही बर्फ फक्त फ्रीझरमध्ये पाहिला होता.

दहारीजला नारळीच्या बागांच्या मागे एक मोकळी जागा होती. लाल माती, वर भुरभुर. तिथे त्याने मला शिकवलं. डॅशबोर्डवर करक, म्हणजे इथल्या घट्ट दुधाच्या चहाचा, कागदी ग्लास ठेवायचा, काठोकाठ.

"सांडला की नापास," तो म्हणायचा. "आणि दुसरा चहा तुझ्याकडून."

मी सहा ग्लास सांडले, सातवा वाचला. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. तशीच गाडी त्याची, एकाच शोरूममधून आठवड्याच्या अंतराने घेतलेली, माझी पांढरी आणि त्याची राखाडी. माझ्या मोजण्यावरून पास्कू मला ऑडिटर म्हणायचा. तो सांगायचा, "बघ ऑडिटर, पुढच्या चाकांना तीन कामं. ओढायचं, वळायचं, थांबायचं. निसरड्यावर एका वेळी एकच काम सांग. वळताना ब्रेक मारलास तर ती दोन्ही कामं सोडून देतील, तुझ्या काट्यावरच्या त्या मिस्री सुपरवायझरसारखी."

"आणि गाडी घसरली तर?"

"ब्रेकला हात लावू नकोस. म्हणजे पाय. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचल, जिथे जायचंय तिथे बघ, चाक तिकडे फिरव. खलास."

"मागची चाकं काय करतात?"

"काही नाही. आपल्यासारखी नोकरी करतात. पुढचे नेतील तिकडे जायचं."

मी हसलो होतो. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं नाही, पण बाकीचं लिहिलं. पुढच्या गाडीपासून अंतर तिप्पट. उतारावर दुसरा गिअर आधीच. चढावर थांबायचं नाही, आणि थांबावं लागलंच तर निघताना एवढाच पाय की अंडं फुटू नये.

अजूनही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. नियम चांगलेच होते.

आखातातल्या माणसाला सुट्टीवर जाताना दोन किल्ल्या कुणाच्या तरी हातात ठेवाव्या लागतात, घराची आणि गाडीची. घराची, कारण एसीचं पाणी कुठेतरी गळतंच. गाडीची, कारण महिनाभर उभी राहिली की बॅटरी मरते, म्हणून कुणीतरी आठवड्यातून एकदा चालू करायची. किल्ली कुणाकडे ठेवलीस, हा प्रश्न आमच्यात नातं विचारल्यासारखा असतो. आमची किल्ली पास्कूकडे आणि त्याची आमच्याकडे. यात कधी आभार नसतात, चौकशी नसते.

सात वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये आम्ही तीन आठवडे वसईला गेलो. रिया दहा वर्षांची होती, तिचा पहिला कम्युनियन गावातच करायचा होता. जाण्याआधी मार्चमध्ये मी चारही टायर नवे घातले होते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे तो कधी बनला ते. इथल्या उन्हात टायर न चालताही म्हातारा होतो, म्हणून हे आकडे पाहायचे असतात. मी चारही टायरचे वहीत लिहिले. चौघेही एकाच आठवड्यातले, जुळ्यांच्या दोन जोड्या.

परत आलो त्या रात्री मी एक गोष्ट केली, जी मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. खाली जाऊन गाडीचं मीटर पाहिलं. जाताना लिहिलेल्या आकड्यापेक्षा अठरा किलोमीटर जास्त. तीन आठवड्यांत अठरा, म्हणजे बॅटरीपुरतेच. मग मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तो कागद फाडून टाकला. दुसऱ्याच्या आईला विमानतळावरून आणणारा, आपल्या मुलीला बाप्तिस्म्यात धरणारा माणूस, आणि मी त्याचे किलोमीटर मोजतोय! त्या लाजेपायी मी टायरकडे पाहिलं नाही. माझ्या हिशोबी आयुष्यात न तपासलेली ती एकच गोष्ट.

आईचं नाव निघालंच आहे तर सांगतो. त्या जूनमध्ये पास्कूची आई व्हिजिट व्हिसावर आली होती. सत्तरीतली बाई, पहिल्यांदाच विमानात बसलेली. पास्कूने तिला खरीफ दाखवायला डोंगरावर नेलं. आम्ही आल्यानंतर एकदा आम्हीही बरोबर होतो, दोन गाड्यांतून. इतीनच्या माथ्यावर धुक्यात ती उभी राहिली, लुगड्याचा पदर ओला, आणि म्हणाली, "पास्कू, मी मेले नाही ना रे? ढगात आले." मग भाजलेली कणसं खाल्ली, उंटाला कणीस दाखवलं आणि उंटाने ते हातातून ओढून घेतलं तेव्हा अशी किंचाळली की शेजारचं कुवेती कुटुंब हसायला लागलं. तो दिवस माझ्या आठवणीतला सगळ्यांत हिरवा दिवस आहे. आता तिथे जायचं म्हटलं की आधी राखाडी गाडीची पुढची चाकं डोळ्यांपुढे येतात.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही तिघंच गेलो होतो. उतरताना संध्याकाळचे पाच. दुसरा गिअर, वेग चाळीसच्या आत, आपत्कालीन दिवे चालू. डावीकडचं लांब वळण. वळणाच्या मध्ये एक गाय उभी, आमच्याकडे बघत. मी पाय उचलला. हळूच, शिकवला तसाच. आणि गाडीचं मागचं अंग निघालं. पुढचं नाही, मागचं. आपण खुर्चीत बसलो आहोत आणि कुणीतरी मागून खुर्ची फिरवतंय असं. मी जिथे जायचंय तिथे बघितलं, चाक तिकडे फिरवलं, पण तोवर आम्ही आडवे होतो आणि उजवी बाजू कठड्याच्या दगडाला लागली. आवाज मोठा नव्हता. गाय हलली नाही.

इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणून उजवीकडे जासिंता होती. तिचं उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. रियाला खरचटलंही नाही. ती नुसतं विचारत होती, "डॅडी, आपण उलटे का आहोत?" गाडीचं तोंड वर डोंगराकडे झालं होतं.

पहिला फोन पास्कूला. पंचवीस मिनिटांत आला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी त्याला क्रमाने सगळं सांगितलं, ट्रकची वजनं सांगावी तसं. शेवटी म्हटलं, "मला कळत नाही. मी ब्रेक दाबला का रे?"

तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "दाबला असशील. घाबरलं की पाय आपोआप जातो. होतं असं."

झालं. मी ब्रेक दाबला होता. त्यानंतर मला तो दाबल्याचं आठवायलाही लागलं. पायाखाली पेडल लागल्याचं, बुटाच्या तळव्याला ते टणक लागल्याचं. न घडलेली गोष्ट इतकी नीट आठवू शकते हे मला माहीत नव्हतं. पास्कूची आई जासिंताच्या उशाशी तासभर रोझरी म्हणत बसली होती. तिला हॉस्पिटलात राखाडी गाडीने आणलं होतं.

जासिंताच्या मनगटात धातूची पट्टी आहे. हात चालतो, पण फिरत नाही. बरणीचं झाकण, ओला पंचा, दाराची गोल मूठ. सात वर्षं आमच्या घरातली झाकणं मी उघडतो. काही म्हणावं लागत नाही, ती बरणी ओट्याच्या कडेला आणून ठेवते. माझ्यासाठी ती रोजची छोटी शिक्षा होती आणि मी ती मान्य केली होती. खरीफमध्ये डोंगरावर गाडी न्यायची मी सोडून दिली. दरवर्षी आम्ही पास्कूच्या गाडीतून जायचो, मी मागच्या सीटवर. तो आरशातून म्हणायचा, "ब्रेक मास्तर, पाय वर घे, तिथे पेडल नाहीये." सगळे हसायचे. मीही हसायचो. खरंच हसायचो, कारण तो मला हलकं करतोय असं वाटायचं.

या मे महिन्यात रिया लायसन्सच्या तयारीला लागली. पास्कूने आधीच जाहीर केलं होतं, "खरीफचा डोंगर मी शिकवणार पोरीला. बापाला तिच्या शेजारी बसवू नका, तो बसल्या जागी ब्रेक मारेल." जुलैत विम्यात तिचं नाव घालायला गेलो तर कंपनीने जुन्या अपघाताचे कागद मागितले, म्हणून फाइल काढली. त्यात विमा तपासनिसाचा अरबी अहवाल होता, तीन पानी. मी तो कधीच वाचला नव्हता. अरबी येत नाही हे कारण पुरेसं नाही. अरबी आकडे मी काट्यावर रोज वाचतो. पण ते पान माझ्या चुकीचं होतं, आणि आपल्या चुकीचं पान कोण वाचतं?

रियाने शाळेत तिसरी भाषा अरबी घेतली आहे. ती वाचत बसली, मराठी-इंग्रजीत मला सांगत.

"डॅडी, इथे टायर्सबद्दल लिहिलंय. फ्रंट टायर्स गुड. रिअर टायर्स... म्हणजे, गुळगुळीत झालेले? आणि हा नंबर काय आहे?"

मी नंबर पाहिला. चार आकडे. मग वही काढली. मग दोन्ही कागद खिडकीजवळ नेले, कारण धुक्यामुळे उजेड कमी होता. पुढच्या दोन टायरचे आकडे माझेच. मागच्या दोघांचे माझे नव्हते. ते माझ्या टायरपेक्षा सहा वर्षांनी म्हातारे होते. गॅरेजने दुरुस्तीत चारही टायर बदलले, त्यामुळे मला गाडी परत मिळाली तेव्हा पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सलालाहमध्ये आमच्याच मापाचे टायर असलेली आणि किल्ली हातात असलेली माणसं मोजायला फार वेळ लागला नाही.

तरी घाई केली नाही. आधी टायरच्या दुकानात गेलो. तिथला मलबारी मालक तीस वर्षं हेच करतोय. त्याला नाव न सांगता विचारलं. तो म्हणाला, "गाडी आगे के पहिये से चलती हो, तो भी नया टायर हमेशा पीछे, साब. आगे फिसला तो संभलता है. पीछे फिसला तो घूमता है, और पैर उठाया तो और घूमता है." माझा पाय मला तिथेच, त्या रबराच्या वासात, परत मिळाला. मी ब्रेक दाबला नव्हता. मी नियम पाळला होता, आणि नियम पाळल्यामुळेच गाडी फिरली होती.

शुक्रवारी पास्कू आला. बांगडे होते. जेवण झाल्यावर मी वही आणि अहवाल त्याच्यासमोर ठेवले, दोन्ही आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ. त्याने चष्मा लावला, काढला.

"आई आली होती," तो म्हणाला.

त्याने बोट पेन्सिलीच्या रेघेवर ठेवलं.

"माझे पुढचे टायर गेले होते. तिला वर न्यायचं होतं. चढावर पुढची चाकं धरली पाहिजेत. तुझी मागची तर नुसती मागून येतात, मला तसंच वाटलं रे. खरंच तसंच वाटलं. पंधरा दिवसांचा प्रश्न होता, ती गेली की परत लावणार होतो."

"मी परत आल्यावर सांगितलं असतंस तर?"

"तू ऑडिटर. तू आठवडाभर बोलला असतास."

ते खरं होतं, मी बोललो असतो. पण आठवडाभरच.

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

त्याने अहवाल दुमडून माझ्याकडे सरकवला. बाहेर लाँड्रीवाल्याची इस्त्री फुसफुसत होती. "ब्रेक मी नाही म्हणालो. तू म्हणालास. तू विचारलंस, मी फक्त हो म्हटलं."

"सात वर्षं म्हणतोयस."

"एकदा हो म्हटलं की..." त्याने हात हवेत फिरवला, आणि मग टेबलावर ठेवला. रियाने दोघांकडे पाहिलं आणि ताटं उचलून आत गेली. तिला कितपत कळलं माहीत नाही. पुरेसं कळलं असावं, कारण जाताना तिने "बाय अंकल" म्हटलं नाही.

टायर नेले याचं मला आता फारसं काही वाटत नाही. आईसाठी नेले. मी असतो तर कदाचित दिलेही असते, चहाच्या दोन ग्लासांवर. पण मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून त्याला एक प्रश्न विचारला होता, आणि जगात त्या प्रश्नाचं खरं उत्तर माहीत असलेला तो एकच माणूस होता. निदान मला तसंच वाटत होतं.

त्या संध्याकाळी जासिंता बरणी घेऊन ओट्याशी उभी होती. मी झाकण उघडत म्हटलं, "मी ब्रेक दाबला नव्हता."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"आज कळलं ना."

"नाही. तेव्हापासून." तिने बरणी घेतली. "मी तुझ्या शेजारीच होते. गाय दिसली तेव्हा मी तुझ्या पायाकडेच बघितलं, तू थांबवतोस का म्हणून. तुझा पाय वर होता. ऑपरेशनला नेण्याआधी मी तुला सांगितलं होतं. तू म्हणालास, तुला दुखण्यात काय कळणार, पास्कूला गाड्यांतलं कळतं."

मला ते आठवत नव्हतं. न दाबलेला ब्रेक आठवत होता आणि हे आठवत नव्हतं. "मग परत का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. नंतर तू इतक्या मन लावून झाकणं उघडायला लागलास." ती हसली नाही. "मला वाटलं, मोजणाऱ्या माणसाला माझा आकडा चालत नाही."

त्या वाक्यानंतर पास्कूवरच्या रागाला बसायला पूर्वीइतकी जागा उरली नाही. राग आहेच. गेले तीन शुक्रवार तो जेवायला आलेला नाही, आणि त्याच्या गाडीची किल्ली आमच्या खिळ्यावरून काढून मी पाकिटात घालून त्याच्या हॉटेलात देऊन आलो. पण माझ्या घरात एक साक्षीदार होता, अपघाताच्या हातभर अंतरावर बसलेला, मोडलेल्या मनगटाचा. सात वर्षं मी त्याची साक्ष लिहून घेतली नाही.

काल दुपारी आम्ही इतीनला गेलो. रियाला घरीच ठेवलं, तिचा नंबर पुढच्या आठवड्यात, आणि शिकवणार मी. निघण्याआधी चारही टायरचे आकडे पाहिले, चांगली जोडी मागे. डॅशबोर्डवर करकचा ग्लास. कणसांच्या गाड्यांचा धूर, गाडीत ओल्या कपड्यांचा वास, वर एकही खांब नाही. चढताना मी जासिंताला म्हटलं, "एकही नाही." ती म्हणाली, "एक आहे. तिकडे, उजवीकडे." होता. मीच पाहिला नव्हता.

मी आकडा बदलून एक केला.

उतरताना ते डावं लांब वळण आलं. तिने उजव्या हाताने वरची मूठ धरली, फिरत नसलेल्या हाताने. मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. पाय हळूच उचलला. गाडी मागून पुढून एकसारखी वळत गेली. चहा सांडला नाही.

वळण संपल्यावर मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती. माझ्या पायाकडे तिने या वेळी पाहिलं नव्हतं.